तबला ते निळी शेड

भोसरीच्या एमआयडीसीत दिवस मावळल्यापासून दिवे लागेपर्यंतची पंधरा-वीस मिनिटं काही वेगळीच असतात. पत्र्याच्या शेड, धुराडी, पाण्याच्या टाक्या, सगळ्यावर निळं उतरतं. कंपनीतून सुटलेल्याला ते दिसत नाही, त्याला बस गाठायची असते. मलाही दिसलं नव्हतं, फोटोग्राफर दयानिता सिंग यांचं ‘ब्लू बुक’ हाती येईपर्यंत.

२००९ सालच्या त्या पुस्तकात आहेत ते असेच कारखाने. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली रंगीत फिल्म उजेड गेल्यावर वापरली की रंग निळ्याकडे झुकतात. लॅबवाला ज्याला चूक म्हणेल, तीच बाईंनी धरून ठेवली.

या बाई मुळात मैफलीतल्या. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत (एनआयडी) शिकत असताना तबलावादक झाकिर हुसेन यांचे फोटो काढायला गेल्या, अडवलं गेलं, सगळ्यांदेखत पडल्या. मग झाकिरभाईंनाच सुनावलं, की आज विद्यार्थिनी आहे, उद्या मोठी फोटोग्राफर झाले की बघू! माहीमच्या उस्तादाने या आगाऊपणावर रागावण्याऐवजी जवळ केलं. पुढचे सहा हिवाळे बाई झाकिरभाई आणि इतर कलावंतांबरोबर दौऱ्यावर होत्या.

१९७५ मध्ये फोटोग्राफर ॲनी लीबोविट्झ रोलिंग स्टोन्स या रॉक बँडबरोबर अशाच हिंडल्या होत्या. पण रॉकमध्ये उड्या, धूर, झगमगते दिवे फोटोग्राफरच्या मदतीला असतात. तबलजी मांडी घालून एका जागी बसलेला! समेची चाहूल आधी लागली नाही तर फोटो हुकलाच. सवाई गंधर्व महोत्सवात मागच्या रांगेतून लांब लेन्स रोखून बसलेल्या कुणालाही विचारा.

१९८६ मध्ये झाकिरभाईंवरचं पुस्तक आलं. त्यात मंचाइतकंच घरही आहे. पुढे दिल्लीच्या तृतीयपंथी मोना अहमद यांच्यावरचं पुस्तक (२००१), मग चित्रांची जागा हवी तशी बदलता येणारी लाकडी संग्रहालयं, त्यात एक निव्वळ यंत्रांचं. २०२२ मध्ये हॅसलब्लाड पुरस्कार मिळाला. लोक याला संगीताकडून कलेकडे जाणं म्हणतात. मला ते पटत नाही. फोटोंमागून फोटो लावताना कुठे थांबायचं, कुठे दुगुन घ्यायची, हे बाई तबल्याशेजारी बसूनच शिकल्या असणार.

२०१९ मध्ये त्यांनी विद्यार्थिदशेत हाताने बनवलेली त्या पहिल्या पुस्तकाची प्रत जशीच्या तशी छापून आणली. १५ डिसेंबर २०२४ रोजी झाकिरभाई गेले, त्या रात्री मी ‘ब्लू बुक’च काढून बसलो, का ते सांगता येणार नाही.

आमच्या रस्त्यावरचे सोडियमचे पिवळे दिवे आता गेले, पांढरे एलईडी आले. पिवळ्याशेजारी निळं जसं खुलायचं, तसं आता खुलत नाही.