'इग्नोबल'ला मराठी शब्द

शेजारची मुलगी यंदा अकरावीला आहे. परवा ती इंग्रजीची वही घेऊन आली. म्हणाली, "चाचा, 'इग्नोबल'चा अर्थ हाच ना?" कोशातून तिने 'नीच, हलक्या कुळातला' असं उतरवून घेतलं होतं. मी मराठी घेऊन बी. ए. झालेला, इंग्रजीशी माझं नातं पाहुण्यासारखं. तरी त्या अर्थापाशी मी अडखळलो.

कोश चुकीचा नव्हता. लॅटिनमध्ये 'नोबिलिस' म्हणजे नावाजलेला, ज्याचं घराणं लोकांना ठाऊक आहे तो. त्याला नकार लावला की इग्नोबल. ज्याला कोणी ओळखत नाही तो. घराणं मोठं नाही म्हणजे मनही मोठं नसणार, हा उमरावांचा हिशेब. जन्माचा शब्द असा स्वभावाला चिकटला. 'विलन'ची गत तीच. मुळात तो जमीनदाराच्या शेतावर राबणारा गडी. त्या न्यायाने आमचं अख्खं कुंडल विलन ठरेल!

आज इंग्रजीत 'इग्नोबल' बहुधा कुळाला लावत नाहीत. कृतीला, हेतूला लावतात. भांडणात कोणी कोणाला इग्नोबल म्हणत नाही, तो लेखातला, भाषणातला शब्द. 'इग्नोबल मोटिव्ह' म्हणजे क्षुद्र हेतू. मदतीच्या मिषाने भावाचा बांध कोरणाऱ्याचा असतो तसा. १९९१पासून 'इग नोबेल' नावाची गमतीची पारितोषिकं देतात, आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला. तीही याच शब्दावरची कोटी.

इंग्रजीतलं कूळ पुसट झालं, पण आपल्या 'नीच'मधलं झालंय का? गावोगाव हा शब्द माणसाने काही करायच्या आधीच, नुसत्या जन्मावरून त्याच्या अंगावर फेकला गेला. तो एका पोरीने वहीत सहज लिहावा, हे मला सोसेना.

मला आठवलं ते प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्याच्या या भागात (तेव्हा आमचं कुंडल औंध संस्थानात होतं) क्रांतिसिंह नाना पाटील, कुंडलचे जी. डी. बापू लाड अशा मंडळींनी ते चालवलं. खबऱ्यांच्या तळपायाला पत्री ठोकतात अशी वदंता उठली, आणि 'पत्री सरकार' हे नाव लोकांच्या तोंडी बसलं. माझ्या लहानपणी त्या दिवसांतली म्हातारी माणसं पारावर बोलत बसत. पोलिसांना खबर देणाऱ्याचं कूळ त्यांनी काढलेलं मी ऐकलं नाही. वाडा चौसोपी असला तरी तो 'बेइमान', नाहीतर 'फितूर'. आणि भूमिगतांसाठी भाकरी पोचवणारा गावकुसाबाहेरचा असला, तरी तो 'इमानी'.

एका कवितावाचनानंतर एका गृहस्थांनी मला सुचवलं होतं, "बेइमान काढा हो, अप्रामाणिक घाला. तो शब्द तुमच्यातला." मी हसलो; काय बोलणार? शब्द अरबी-फारसी खराच. अरबीत 'ईमान' म्हणजे श्रद्धा; 'अमानत', 'अमीन', 'अमन' ही त्याची भावंडं, सगळी विश्वासाची आणि निर्धास्तपणाची. पण मराठीने त्याला आपला वेगळा अर्थ दिला. आपल्याकडे कुत्राही इमानी असतो, नोकरी इमानेइतबारे करतात. देव मानणाऱ्यालाही बेइमान म्हणता येतं आणि न मानणाऱ्यालाही इमानी. 'फितूर'ही असाच मुरलेला. हिंदीत फितूर म्हणजे डोक्यातलं खूळ, तर मराठीत कोर्टात साक्षीदार फितूर होतो.

'बेइमान' हा 'इग्नोबल'ला नेमका पर्याय नाही, हे मान्य. इमान मोडायला आधी कोणीतरी विश्वास टाकलेला असावा लागतो. इग्नोबलला तेवढी अट नाही. म्हणून मुलीला मी सांगितलं, कृतीबद्दल असेल तर 'लाजिरवाणी' लिही, हेतूबद्दल असेल तर 'क्षुद्र', आणि माणसाने विश्वास मोडला असेल तर 'बेइमान'. तिने 'हलक्या कुळातला'वर रेघ मारली. मग थबकून विचारलं, "आणि चाचा, परीक्षेत कोशातलाच अर्थ मागितला तर?"

"तर कंसात लिही," मी म्हटलं, "जुना अर्थ."