ताडावरचा मासा

मृगाचा पहिला दणकून पाऊस झाला की त्या रात्री आमच्या पेण तालुक्यातल्या गावात निम्मी माणसं शेतावर असत. वलगण! रायगड-ठाण्याकडच्या वाचकाला या शब्दाचा अर्थ सांगायला नको. पहिल्या पावसात वाहत्या पाण्याविरुद्ध वर चढणाऱ्या या माशांना घाटाकडे चढणीचे मासे म्हणतात. आठ वर्षांची असताना मी पहिल्यांदा आजोबांबरोबर वलगणीला गेले. बत्तीच्या उजेडात बांधावरून चालताना पायापुढचं गवत हललं. मला साप वाटला. आजोबांनी वाकून गवतात हात घातला आणि चांगली हातभर मरळ वर काढली. खाचरातलं पाणी बांधाच्या बरंच खाली होतं. मासा गवतात होता, आणि त्याचं तोंड वरच्या खाचराकडे होतं.

ओल्या गोणपाटात गुंडाळलेली ती मरळ सकाळी पाटावर घेतली तेव्हाही जिवंत होती. रात्रभर मी तीनदा उठून गोणपाट उचलून पाहिलं होतं. आजोबांना विचारलं, ही पाण्याबाहेर का आली? ते म्हणाले, "पाणी वरून येत होतं ना, म्हणून ती वर चालली होती." या उत्तराने तेव्हा माझं समाधान झालं नव्हतं. त्याचं वजन कळायला मला चाळीस वर्षं आणि एका डॅनिश लेफ्टनंटचं टिपण लागलं.

पाण्याबाहेर जगणाऱ्या माशांबद्दल जे मिळेल ते मी तेव्हापासून वाचत आले. आफ्रिकेतला फुप्फुसमासा चिखलात कोश करून पुढच्या पावसाची वाट पाहतो, हे शाळेच्या पुस्तकातही असतं. फ्लोरिडा आणि बेलिझच्या खारफुटीत एक बोटभर मासा कुजक्या ओंडक्यांत, किड्यांनी कोरलेल्या बोगद्यांमध्ये, एकामागे एक दाटीने बसलेला सापडतो. आपल्या खाड्यांतली निवटी तर सगळ्यांच्या ओळखीची. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी, डोळे डोक्यावर घेऊन फिरणारी. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याने जमिनीवर राहणाऱ्या माशांवर एक छोटा ग्रंथच लिहिला होता. बाबिलोनच्या बाजूला कालव्यांतलं पाणी आटलं की काही मासे बिळांतून बाहेर पडतात, पर आणि शेपटी यांच्या जोरावर चालत भक्ष्य शोधतात आणि पाठलाग झाला की बिळात शिरतात, असं त्यात आहे. मी ते वर्णन वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. ती निवटीच असणार, याबद्दल मला शंका नाही.

पण माझं मन अडकलं ते एका वेगळ्या माशात. बंगालीत त्याला कोई म्हणतात. कोलकात्याच्या बाजारात तो ॲल्युमिनियमच्या पातेल्यात जिवंत विकला जातो, आणि मोहरीच्या तेलातली 'तेल-कोई' खाल्लेला माणूस दुसऱ्या माशाची फारशी स्तुती करत नाही. शास्त्रात त्याचं नाव ॲनाबास टेस्टुडिनियस.

मासा पाण्याबाहेर मरतो तो हवेत प्राणवायू कमी असतो म्हणून नव्हे. हवेत तो पाण्याच्या कितीतरी पट जास्त असतो. कल्ल्यांच्या झिरमिळ्या पाण्यात पसरलेल्या राहतात आणि बाहेर आल्या की ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात. श्वास घ्यायला पृष्ठभागच उरत नाही, आणि प्राणवायूच्या महापुरात मासा गुदमरतो. कोईने यावर तोड काढली आहे. त्याच्या कल्ल्यांच्या वर एक पोकळी असते. तिच्यात हाडाच्या पातळ, चुण्या पडलेल्या पापुद्र्यांचा गुंता असतो, आणि त्या पापुद्र्यांवर रक्तवाहिन्यांनी भरलेली त्वचा ताणून बसवलेली असते. हाड आतून आधार देतं, त्यामुळे हवेतही काही चिकटत नाही. मरळीच्या डोक्यात अशीच पण साधी पोकळी असते. शिंगी नावाच्या माशाच्या पाठीच्या स्नायूंत थेट शेपटीच्या दिशेने गेलेल्या दोन लांब नळ्या असतात. मागूर माशाच्या डोक्यात लालभडक पोवळ्याच्या झुडपासारखं काहीतरी उगवलेलं दिसतं. प्रत्येकाने आपापली वाट काढली आहे.

या सोयीची किंमतही मोजावी लागते. 'फिशेस ऑफ इंडिया' लिहिणाऱ्या फ्रान्सिस डे यांनी असे मासे पाण्याच्या भांड्यात ठेवले आणि पृष्ठभागाखाली जाळी बसवली, म्हणजे वर येऊन हवा घेता येऊ नये. मासे मेले. पाण्यात बुडून मेले. मत्स्यविद्येतला इतका साधा आणि इतका हलवून टाकणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

आता त्या लेफ्टनंटकडे येते.

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी नावाचं गाव आहे. युरोपी कागदपत्रांत ते ट्रँकेबार. १६२० मध्ये तंजावरच्या नायकाकडून डॅनिश लोकांनी ते मिळवलं आणि १८४५ मध्ये इंग्रज कंपनीला विकलं. मधल्या काळात १६७६ च्या सुमाराला तंजावर व्यंकोजीराजांकडे आलं, म्हणजे तरंगंबाडीच्या वेशीबाहेर पाऊल टाकलं की मराठ्यांचं राज्य लागे. सरफोजीराजांना घडवणारा पाद्री श्वार्ट्झ १७५० मध्ये भारतात आला तो इथल्याच मिशनमध्ये. सरफोजींची शरीरशास्त्रापासून वनस्पतींपर्यंत धावणारी जिज्ञासा ज्या हवेत वाढली, त्याच हवेत तरंगंबाडीचे पाद्री आणि लष्करी अधिकारी फावल्या वेळात किडे, शिंपले आणि मासे गोळा करत. त्यांतल्या ख्रिस्टोफ सॅम्युएल जॉन या पाद्र्याने बर्लिनच्या ब्लॉख या वैद्याला मासे पाठवले. आणि लेफ्टनंट डाल्डॉर्फने कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसला इतके किडे पुरवले की फॅब्रिशियसच्या वर्णनांत त्याचं नाव पुन्हा पुन्हा भेटतं.

हे मुद्दाम सांगते आहे. डाल्डॉर्फ हा ऐकीव गोष्टी रंगवणारा माणूस नव्हता. किड्याच्या पायावरचे केस मोजणाऱ्यांच्या वर्तुळातला तो होता.

त्याचं टिपण लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात १७९७ मध्ये छापून आलं. जेमतेम दोन पानं. मजकूर असा: नोव्हेंबर १७९१ मध्ये तळ्याकाठच्या एका ताडाच्या सालीतल्या ओल्या भेगेत त्याला हा मासा दिसला. तो जमिनीपासून पाच फूट वर होता आणि आणखी वर जायला धडपडत होता. कल्ल्यांच्या झाकणांवरचे काटे सालीत रुतवून तो लटके, शेपटी डावीकडे वळवून शेपटीजवळच्या खालच्या पराचे काटे भेगेत अडकवी, आणि मग डोकं सोडवून अंग ताणत वर सरके. डाल्डॉर्फने हात घालून त्याला पकडलं, तेव्हा तो थांबला. त्याने माशाला नाव दिलं पेर्का स्कँडेन्स, चढणारा.

त्या नावाचं नशीब थोडक्यात सांगते. ब्लॉखने १७९२ मध्येच याच माशाला कासवावरून नाव देऊन ठेवलं होतं. आधीचं नाव टिकतं या नियमाने 'चढणारा' बाद झाला. मग १८१६ मध्ये फ्रेंचांनी त्याचा वंश (जीनस) वेगळा केला आणि ग्रीकमधून 'ॲनाबास' हे नाव घेतलं. त्याचा अर्थ पुन्हा चढणारा! तमिळ लोकांना या खटाटोपाची गरज नव्हती. पाद्री जॉनने नोंदवलेलं तिथलं नाव 'पनैयेरी' होतं, म्हणजे ताडावर चढणारा.

पुढे सव्वाशे वर्षं या पाच फुटांवरून वाद झाला. सर्वांत बारकाईने आक्षेप घेतले ते जेम्स इमर्सन टेनेंट यांनी. सिलोनमध्ये वसाहतीचे सचिव म्हणून काम केलेला हा माणूस. त्यांचं सिलोनच्या निसर्गावरचं १८६१ चं पुस्तक मी पावसाळ्यात दरवर्षी एकदा काढते. नवव्या शतकातल्या अरब प्रवासवृत्तातला, समुद्रातून निघून माडावर चढणारा आणि रस पिऊन परत जाणारा मासाही मला त्यांच्याच पानांत भेटला. डाल्डॉर्फबद्दल टेनेंट विचारतात: मासा चढला कशासाठी? पाणी तर शेजारी होतं, मग झाडाच्या भेगेतल्या ओलाव्यासाठी तो का जाईल? खाणं म्हणावं तर तो पाण्यातले किडे खातो. आणि चढला तरी उतरणार कसा? जे काटे वर जायला मदत करतात तेच खाली येताना आडवे येतील. शेवटी गंगेच्या माशांवर लिहिणाऱ्या बुकॅनन यांचा आधार घेऊन ते म्हणतात की डाल्डॉर्फने पाहिला तो अपघात होता, माशाची सवय नव्हे.

काट्यांबद्दल टेनेंट यांचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि त्याचा भयंकर पुरावा त्यांच्याच पुस्तकात आहे. उथळ पाण्यात हाताने मासे धरणारे लोक एक मासा दातांत पकडून दुसऱ्यासाठी हात मोकळे करतात. दातांतला कोई निसटून घशात शिरला की माणूस मरू शकतो. पुढे जाताना काटे मिटतात, मागे ओढताना उघडतात. आजही वैद्यकीय नियतकालिकांत असे रुग्ण नोंदले जातात. हा मासा एकाच दिशेने जाण्यासाठी बनलेला आहे.

त्यानंतरचा मोठा निवाडा १९२७ चा. बी. के. दास यांनी हवेत श्वास घेणाऱ्या भारतीय माशांवर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रदीर्घ निबंध लिहिला. काम अतिशय उत्तम. झाडांवर सापडणाऱ्या कोईचं उत्तरही त्यांनी दिलं: जमिनीवरून निघालेले मासे कावळे आणि घारी उचलतात आणि झाडांच्या बेचक्यांत ठेवतात. मासा सहजी मरत नाही, म्हणून तो तिथे जिवंत सापडतो. मत्स्यशास्त्राच्या पुस्तकांनी हे उचललं आणि प्रकरण मिटलं असं मानलं. डाल्डॉर्फ जाता जाता भोळा ठरला.

मला हे मान्य नाही. शेंड्यावर, बेचक्यात सापडलेल्या माशासाठी कावळा पुरेसा आहे. पण डाल्डॉर्फचा मासा बेचक्यात नव्हता. तो उभ्या खोडावर, माणसाच्या हाताला येईल इतक्या उंचीवर, भेगेत होता आणि वर सरकत होता. कावळ्याने टाकलेला मासा खाली पडतो. शेपटी कुठल्या बाजूला वळली हे लिहून ठेवणाऱ्या माणसाच्या साक्षीतून सोयीचं तेवढं घ्यायचं आणि उरलेलं सोडून द्यायचं, हा न्याय नव्हे.

टेनेंट यांच्या प्रश्नाचं उत्तर टेनेंट यांच्याच पुस्तकात, काही पानांच्या अंतरावर आहे. त्रिंकोमालीचे सरकारी अधिकारी मॉरिस यांनी १८५६ मध्ये त्यांना पत्र लिहिलं. आटत आलेल्या एका तलावावर ते पाहणीला गेले असताना धो धो पाऊस आला. काठावर एक पेलिकन काहीतरी गिळताना दिसला म्हणून माणसं धावली, तर पावसाच्या पाण्याचे जे बारीक ओघळ गवतातून तलावाकडे येत होते त्यांतून मासे वर चढत होते. अंग झाकेल एवढंही पाणी नव्हतं. तलावापासून चाळीस यार्डांवर लोकांनी ते टोपल्यांनी गोळा केले.

म्हणजे तलाव शेजारी असताना, त्याच्याकडे पाठ करून. हे पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बत्तीचा वास आला. टेनेंट यांनी वलगण पाहिली असती तर 'पाणी शेजारी असताना मासा का चढला' हा प्रश्न त्यांना पडला नसता. चढणीचा मासा पाणी शोधायला निघत नाही. पाणी वरून येतं म्हणून तो वर जातो. ओघळ हाच त्याचा रस्ता. तो शेताचा आहे की गवताचा, हे त्याला कळायचं कारण नाही.

दुसरी गोष्ट महिन्याची. नोव्हेंबर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे थंडी येते. पण कोरोमंडलच्या किनाऱ्यावर खरा पाऊस ईशान्येकडून ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतो. डाल्डॉर्फची भेग ओली होती, हे त्याने लिहिलेलं आहे. माझा तर्क असा, आणि तो तर्कच आहे: त्या दिवशी ताडाच्या खोडावरून पाण्याचा ओघळ उतरत असावा, खाली गवतातून तळ्याला मिळत असावा, आणि मासा तळ्यातून निघून त्या ओघळाच्या उगमाकडे चालला असावा. वाटेत जमीन संपून झाड कधी सुरू झालं, हे त्याच्या दृष्टीने घडलंच नाही. बुकॅनन याला अपघात म्हणतात. मी याला त्या माशाची जन्माची सवय म्हणेन. फक्त त्या दिवशी ती उभ्या दिशेला गेली.

दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी तरंगंबाडीला गेले. डॅन्सबोर्ग किल्ल्याच्या भिंती पावसाने काळवंडल्या होत्या, समुद्र गढूळ होता. गावाबाहेर एका तळ्याकाठी ताडांची रांग दिसली म्हणून रिक्षा थांबवली. आपल्या डहाणू-पालघरकडे आहेत तसेच ताड. जुन्या पानांच्या वळ्यांनी खोड खरबरीत, मधूनच उभ्या भेगा पडलेल्या. पावसाचा जोर वाढला तशी मी छत्री घेऊन एका झाडाशी उभी राहिले. थोडा वेळ काही झालं नाही. मग शेंड्याकडून पाणी यायला लागलं. आधी खोड नुसतं काळं झालं, मग एका भेगेतून करंगळीएवढी धार धरली. बुंध्याशी ती गवतात शिरली, दोन दगडांना वळसा घालून उताराने गेली आणि तळ्यात पडली.

मी टेप नेली होती. जमिनीपासून पाच फूट मोजून तिथे हात ठेवला. माझ्या हनुवटीच्या किंचित वर. बोटांखालून पाणी वाहत होतं.