विश्लेषण : पाय दुखले की लगेच गोळी? वारीपासून परदेशवारीपर्यंत वेदनाशामक किती सुरक्षित?

संत तुकाराम महाराजांची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून निघते, हडपसरला माऊलींच्या पालखीचा रस्ता दिवे घाटाकडे वळतो आणि तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला येते. एका दिवसात सुमारे वीस किलोमीटरची चाल झालेली असते. पुढे यवत, वरवंड, बारामती, इंदापूर असे करत पंढरपूर गाठायचे असते. मुक्कामी पोहोचल्यावर कोणी पाय चेपून घेतो, कोणी तेल चोळतो आणि अनेक जण पिशवीतली गोळी काढतात. ‘कॉम्बिफ्लॅम’, ‘ब्रुफेन’, ‘व्होवेरान’, ‘झिरोडॉल’ ही नावे आता सर्दीच्या गोळीइतकी घरगुती झाली आहेत. मुलांकडे अमेरिकेला, इंग्लंडला किंवा आखातात निघालेल्या आईवडिलांच्या बॅगेतही याच पट्ट्या असतात. पण ही गोळी सगळ्यांसाठी सारखी नाही आणि काहींसाठी ती धोक्याची ठरू शकते.

ही गोळी नेमके काय करते?

शरीरात कुठे इजा झाली, सूज आली की तिथे प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे तो भाग दुखतो, लाल होतो, सुजतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन, नायमेसुलाइड ही औषधे या रसायनांची निर्मिती रोखतात. त्यांना स्टेरॉइड नसलेली दाहशामके म्हणतात. अ‍ॅस्पिरिनसारखी औषधे अशा प्रकारे काम करतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले. त्यासाठी त्यांना १९८२ मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अडचण अशी की, हीच रसायने शरीरात चांगली कामेही करतात. जठराच्या अस्तराचे आम्लापासून रक्षण करणे आणि किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा टिकवणे ही त्यातली दोन महत्त्वाची. गोळी वेदना थांबवते तेव्हा ही राखणही सैल होते. पॅरासिटामॉल मात्र या गटातले नाही. ते ताप आणि दुखणे कमी करते, सूज फारशी उतरवत नाही आणि पोटाला, किडनीला नेहमीच्या मात्रेत तुलनेने सौम्य असते.

किती आणि किती दिवस?

निरोगी प्रौढाने डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आयब्युप्रोफेन २०० ते ४०० मिलिग्रॅम, सहा ते आठ तासांच्या अंतराने घ्यावे. दिवसभरात १२०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. ‘कॉम्बिफ्लॅम’च्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. म्हणजे दिवसाला तीन गोळ्या ही वरची हद्द झाली. गोळी उपाशीपोटी न घेता जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावी. कमीत कमी मात्रा आणि कमीत कमी दिवस, हा साधा नियम. तीन-चार दिवसांत दुखणे उतरले नाही, तर गोळी वाढवण्याऐवजी तपासणी करून घ्यावी.

इथे एक चूक हमखास होते. अंगदुखीसाठी ‘कॉम्बिफ्लॅम’ आणि तापासाठी ‘डोलो ६५०’ एकाच दिवशी घेतली जाते. तीन ‘कॉम्बिफ्लॅम’मधून ९७५ आणि चार ‘डोलो’मधून २६०० मिलिग्रॅम, असे मिळून ३५७५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल पोटात जाते. प्रौढांसाठीची चोवीस तासांची कमाल मर्यादा ४००० आहे आणि वयस्कर, कमी वजनाच्या किंवा यकृताचा आजार असलेल्यांसाठी ती त्याहून कमी धरली जाते. दोन वेगवेगळ्या नावांच्या दाहशामक गोळ्या एकत्र घेणे, उदाहरणार्थ ‘ब्रुफेन’सोबत ‘व्होवेरान’, हे तर टाळायलाच हवे. त्याने आराम दुप्पट होत नाही, धोका मात्र वाढतो.

रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर?

घरातल्या ज्येष्ठांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रॅमिप्रिल ही औषधे सर्रास दिली जातात. अनेकदा त्याच गोळीत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइडही असते. पट्टीवरच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असेल तर बहुधा तेच. या दोघांच्या जोडीला दाहशामक गोळी आली की किडनीवर तीन बाजूंनी ताण येतो. लघवीच्या औषधाने शरीरातले पाणी कमी झालेले असते, रक्तदाबाच्या औषधाने किडनीच्या गाळणीतला दाब उतरलेला असतो आणि वेदनाशामकाने गाळणीकडे येणारी रक्तवाहिनी आकसते. उन्हात चालून घाम गेला असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर काही दिवसांतच किडनीचे काम मंदावू शकते.

वारीत नेमकी हीच परिस्थिती जुळून येते. वय साठीच्या पुढचे, रक्तदाबाची गोळी सुरू, दिवसभर चाल, पाणी कमी आणि रात्री पायदुखीची गोळी. शेतात राबणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा बांधकामावर उन्हात काम करणाऱ्यांचीही तीच गत. शिवाय या गोळ्यांनी अंगात पाणी साठते, त्यामुळे रक्तदाबाच्या औषधाचा परिणामही कमी होतो. सोबत ‘पॅन’ किंवा तत्सम आम्लपित्ताची गोळी घेतली की सगळे सुरक्षित झाले, हा समज अपुरा आहे. ती गोळी पोटाला आधार देते, किडनीला नाही.

हृदयरोग्यांनी काय लक्षात ठेवावे?

या गटातल्या रोफेकॉक्सिब या औषधामुळे हृदयविकाराच्या झटक्यांचा धोका वाढत असल्याचे दिसल्यावर २००४ मध्ये ते जगभरातून मागे घेण्यात आले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१५ मध्ये अ‍ॅस्पिरिन वगळता या गटातील इतर औषधांवरचा इशारा आणखी कडक केला. झटका किंवा पक्षाघाताचा धोका वापराच्या पहिल्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, असे त्यात म्हटले आहे. ज्यांना आधी झटका आला आहे, बायपास झाली आहे किंवा स्टेंट बसवला आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी रोज कमी मात्रेचे अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये आयब्युप्रोफेन त्या अ‍ॅस्पिरिनचे काम अडवू शकते, शिवाय रक्तस्रावाचा धोकाही वाढतो.

आणखी कोणी टाळावी?

* पोटात अल्सर झालेला असल्यास किंवा पूर्वी रक्तस्राव झाला असल्यास.
* किडनीचा आजार किंवा यकृताचा गंभीर आजार असल्यास.
* अ‍ॅस्पिरिन किंवा वेदनाशामकाने पूर्वी दमा उफाळला असल्यास, अंगावर गांधी उठल्या असल्यास.
* गर्भवतींनी, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर. बाळाच्या किडनीवर आणि पुढे हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होऊ शकतो.
* डेंग्यूची शंका असल्यास. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी एकत्र आली की आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन घेऊ नये. प्लेटलेट कमी होत असताना रक्तस्रावाचा धोका वाढतो. निदान होईपर्यंत पॅरासिटामॉलच बरे.

नायमेसुलाइड १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारतात २०११ पासून बंदी आहे. मोठ्यांची गोळी अर्धी तोडून मुलांना देणे धोक्याचेच. मासिक पाळीच्या दुखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत भारतीय औषधसंहिता आयोगाने २०२३ मध्ये सावधगिरीची सूचना दिली होती. गोळीनंतर पुरळ, ताप, गाठी सुजणे अशी लक्षणे दिसली तर औषध थांबवून डॉक्टरांना दाखवायला हवे.

परदेशात जाताना काय बदलते?

औषध तेच असते, नाव आणि नियम बदलतात. अमेरिकेतले ‘अ‍ॅडव्हिल’ आणि ‘मोट्रिन’, इंग्लंडमधले ‘न्यूरोफेन’ हे आयब्युप्रोफेनच. ‘अलीव्ह’ म्हणजे नॅप्रोक्सेन. ‘टायलेनॉल’ आणि ‘पॅनाडॉल’ म्हणजे पॅरासिटामॉल, फक्त अमेरिकेत त्याला अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात. भारतातून नेलेली ‘कॉम्बिफ्लॅम’ आणि सुनेने दुकानातून आणलेली ‘अ‍ॅडव्हिल’ एकाच दिवशी घेतली, तर एकच औषध दोनदा पोटात जाते. तिथल्या सर्दी-खोकल्याच्या तयार औषधांतही अनेकदा अ‍ॅसिटामिनोफेन असते. म्हणून वेष्टनावरचे मोठे नाव न पाहता बारीक अक्षरांतले घटक वाचावेत.

अमेरिकेत चिठ्ठीशिवाय मिळणारी आयब्युप्रोफेनची गोळी २०० मिलिग्रॅमची असते. दुखण्यासाठी दहा दिवसांहून आणि तापासाठी तीन दिवसांहून अधिक काळ ती घेऊ नये, असे त्यावर छापलेले असते. इंग्लंडमध्ये डायक्लोफिनॅकच्या गोळ्या २०१५ पासून चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. नायमेसुलाइडला अमेरिका, इंग्लंड, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात मान्यताच नाही. भारतातही आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक ही औषधे अनुसूची ‘एच’मध्ये आहेत, म्हणजे कायद्याने चिठ्ठी हवी. प्रत्यक्षात ती अनेकदा नुसते नाव सांगून मिळतात.

आखातात निघालेल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. काही वेदनाशामकांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन मिसळलेले असते. संयुक्त अरब अमिरातीत ही नियंत्रित औषधे आहेत आणि ती नेण्यासाठी आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी लागते. विमानतळावर ‘घरचीच गोळी आहे’ हे उत्तर चालत नाही. औषधे मूळ पट्टीतच, हातातल्या बॅगेत ठेवावीत. सोबत औषधांची मूळ नावे लिहिलेली डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी असावी.

मग दुखण्यावर करायचे काय?

चालून सुजलेल्या पायांना आधी विश्रांती, उंचावर ठेवणे, बर्फाचा किंवा थंड पाण्याचा शेक आणि पुरेसे पाणी द्यावे. जुनाट गुडघेदुखीत मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे यांचा फायदा गोळीपेक्षा जास्त टिकतो. गुडघा, घोटा, हात यांच्या दुखण्यावर डायक्लोफिनॅकचा जेल लावता येतो. त्यातले फार थोडे औषध रक्तात जाते. मात्र जखमेवर, फोड आलेल्या त्वचेवर तो लावू नये. गोळी लागलीच तर बहुतेकांसाठी पॅरासिटामॉल ही पहिली पायरी.

शौच डांबरासारखे काळे होणे, रक्ताची उलटी, लघवी कमी होणे, पाय आणि चेहरा सुजणे, छातीत दुखणे, धाप लागणे यांपैकी काहीही दिसले तर गोळी बंद करून तातडीने रुग्णालय गाठावे. राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. औषधाचा दुष्परिणाम झाल्यास १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णालाही तो कळवता येतो.

वारीला किंवा विमानाने परदेशी निघण्याआधी घरातल्या ज्येष्ठांच्या सगळ्या पट्ट्या एकदा टेबलावर मांडाव्यात, मोबाइलवर त्यांचा फोटो काढावा आणि डॉक्टरांना किंवा औषध दुकानातल्या फार्मासिस्टला दाखवून एवढेच विचारावे : यांच्यासोबत दुखण्याची कोणती गोळी चालेल? तो फोटो मोबाइलमध्ये तसाच ठेवावा. लोणीच्या मुक्कामी असो वा न्यू जर्सीत, अचानक दवाखान्यात जावे लागले तर तिथल्या डॉक्टरांनाही तोच सर्वांत आधी हवा असतो.