चालू राउटरमधून कार्ड काढताना

‘दोन नंबरचं कार्ड काढ’ एवढंच फोनवर सांगितलं, की घोटाळ्याची निम्मी तयारी झालीच. कित्येक राउटरांत स्लॉट शून्यापासून मोजतात, म्हणजे दुसऱ्या खाचेतलं कार्ड असतं एक नंबरचं. चुकीचं कार्ड निघालं तर भलत्याच शाखेचं नेटवर्क बसतं.

केबली जिथे लागतात ती पोर्टं या इंटरफेस कार्डावर असतात. जुन्या, लहान राउटरांत कार्ड काढायचं तर आधी वीज बंदच करावी लागे. मोठ्या यंत्रांना ती चैन परवडत नाही, म्हणून चालू यंत्रातूनच कार्ड काढण्याची सोय आली. तिची गंमत कनेक्टरच्या पिनांत आहे. सगळ्या पिना सारख्या लांबीच्या नसतात. कार्ड ओढताना आखूड पिना आधी सुटतात आणि अर्थिंगची लांब पिन शेवटी, त्यामुळे ठिणगी आणि गोंधळ दोन्ही टळतात.

पण ही सोय विजेपुरती झाली. त्या कार्डावरून वाहणारी रहदारी आधी दुसरीकडे वळवावी लागते, मग सॉफ्टवेअरला ‘हे कार्ड थांबव’ अशी आज्ञा द्यावी लागते. ज्युनिपरच्या एमएक्स मालिकेतल्या राउटरांवर त्यासाठी बटणही असतं. शेजारचा हिरवा दिवा लुकलुकून विझेपर्यंत ते दाबून धरायचं. टेलिकॉमच्या एटीसीए चासीत मात्र उलटं. तिथे निळा दिवा लुकलुकत असला तर थांबायचं, स्थिर पेटला की काढायचं. एकीकडे विझलेला दिवा होकार देतो, दुसरीकडे पेटलेला! म्हणून त्या यंत्राचं मॅन्युअल आधी चाळलेलं बरं.

आता हात. माणसाला स्थिर विजेचा चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात. काही चिपांना 100 व्होल्टही जड जातात. थंडीत नागपुरात स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, तो कार्डाच्या दृष्टीने वीज कोसळण्यासारखाच. मनगटावरचा पट्टा हा भार हळूच चासीकडे वाहून नेतो. त्यात 1 मेगओहमचा रोध असतो. चुकून 230 व्होल्टच्या तारेला हात लागलाच, तर पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरही प्रवाह जात नाही.

केबलींना चिठ्ठ्या लावून मग त्या सोडवायच्या. फायबरच्या टोकात डोकावून पाहायचं नाही, कारण त्यातला लेसर सहसा डोळ्यांना दिसतच नाही. टोकांना टोप्या घालायच्या. स्क्रू सैल करून दोन्ही बाजूंचे खटके एकाच वेळी बाहेर ओढले, की कार्ड कुरकुरत सुटतं. ते कडांना धरून, खालून आधार देत सरळ बाहेर घ्यायचं आणि अँटिस्टॅटिक पिशवीत सरकवायचं.

नवं कार्ड लगेच बसवायचं नसेल, तर रिकाम्या खाचेवर झाकणपट्टी लावावीच लागते. ती नसली तर पंख्यांची हवा त्या भोकातून वाट काढते आणि शेजारची कार्डं तापू लागतात.