लागोपाठचे दोन पूर



संकट एकटे येत नाही असे आपण म्हणतो. पण तयारी मात्र एकट्या संकटाचीच करतो. आज मला जे सांगायचे आहे ते एवढ्यापुरतेच आहे. पहिल्या पुरातून माणूस कसाबसा निभावतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला म्हणजे काय होते, आणि ते तसे का होते, याचा विचार आपण करू.

उदाहरण आपल्याच दाराचे आहे. २०१९ सालच्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान, चामटोलीजवळ, उल्हास नदीच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० उतारूंनी रात्र गाडीत काढली. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि आसपासचे गावकरी यांनी त्यांना होड्यांतून बाहेर काढले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर पोहोचली, आणि ते योग्यच झाले.

पण पुढच्याच आठवड्यात, ३ व ४ ऑगस्टला, दुसरा पूर आला. कल्याण तालुक्यातील जू-नांदखुरी येथून ५८ माणसे हवाई दलाच्या हेलिकॉप्टरने उचलावी लागली. बदलापुरातील सखल वस्त्यांत पुन्हा पाणी शिरले. या दुसऱ्या पुराची आठवण आज फारशी कोणी काढत नाही. वस्तुतः अनेक घरे मोडली ती याच पुराने.

याची पहिली कारणे निसर्गातली आहेत. उल्हास नदी सह्याद्रीच्या कुशीत, राजमाचीच्या बाजूला उगम पावते आणि कर्जत, नेरळ, वांगणी करीत बदलापूरला येते. घाट उंच, अंतर थोडे. त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेले पाणी काही तासांत आपल्या दारी येते. कधी कधी तर बदलापुरात पाऊस उघडलेला असतो आणि नदी चढत असते. पावसाळ्याच्या आरंभी कोरडी जमीन बरेच पाणी पिऊन घेते. जुलैच्या अखेरीस ती तुडुंब झालेली असते. त्यात एक पूर नुकताच जिरलेला. मग दुसऱ्या पावसाचा थेंब जिरायचा कोठे? तो सरळ ओढ्यात, ओढ्यातून नदीत. तळी, शेते, खाचरे यांचेही तेच. म्हणून तेवढाच पाऊस दुसऱ्या खेपेस अधिक पूर आणू शकतो.

दुसरे कारण भरतीचे. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी उल्हासनगरच्या वस्तीतून पुढे जाऊन कल्याणला उल्हासला मिळते, आणि तेथे खाडीची भरती पोहोचते. पहिल्या पुराच्या वेळी आषाढातली वद्य नवमी-दशमी होती. त्या दिवसांत भरती लहान असते, तिला आपण भांगाची भरती म्हणतो. १ ऑगस्टला अमावास्या झाली आणि दुसरा पूर आला तो उधाणाच्या भरतीत. खाडी भरलेली असली म्हणजे नाल्याचे पाणी पुढे सरत नाही. ते तुंबते आणि मागे वस्तीत पसरते. पंचांग आपण लग्नकार्यासाठी पाहतो. नदीकाठच्या माणसाने ते पुरासाठीही पाहावे.

हा प्रकार पावसापुरताच आहे असेही नाही. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे २०१० सालच्या फेब्रुवारीत, ५ व ६ तारखेस, मोठे हिमवादळ झाले. पहिल्या वादळाचा बर्फ रस्त्यांच्या कडेला ढिगांनी पडलेला असतानाच ९ व १० तारखेस दुसरे आले. आता नवा बर्फ टाकायचा कोठे, हाच प्रश्न झाला. सरकारी कचेऱ्या चार दिवसांहून अधिक काळ बंद राहिल्या. आपल्याकडे पाणी निदान वाहून जाते, तेथे बर्फ जागेवरच राहतो; परंतु तत्त्व एकच. पहिल्या संकटाने जागा व्यापलेली असते, आणि दुसऱ्याला सामावून घ्यायला काही उरलेले नसते.

जमिनीची जी गत, तीच घराची. अंबरनाथच्या कारखान्यात ठेकेदाराकडे काम करणारा एक गडी माझ्या ओळखीचा आहे. पहिल्या पुरानंतर त्याने मुकादमाकडून उचल घेतली. गादी, धान्य आणि मुलीची वह्या-पुस्तके आणली. आठ दिवसांनी तीही भिजली. वस्तू गेल्या, उचल मात्र राहिली. ती दिवाळीपर्यंत पगारातून कापली जात होती. पहिल्या पुराने त्याची शिल्लक नेली. दुसऱ्या पुराने, जी शिल्लक नव्हतीच, ती नेली.

मग कायदा काय म्हणतो? १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन ले-ऑफच्या भरपाईची तरतूद आली. मालक काम देऊ शकत नसेल तर मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम त्याने द्यावी. काम देता न येण्याच्या कारणांत पुढे नैसर्गिक आपत्तीचाही समावेश झाला. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. पण तिला अटी आहेत. कारखान्यात सरासरी ५० कामगार हवेत. कामगाराची सलग एक वर्षाची नोकरी हवी. तो बदली किंवा हंगामी नसावा. शिवाय त्याने ठरल्या वेळी रोज निदान एकदा कामावर हजर झाले पाहिजे.

ही शेवटची अट नीट ध्यानात घ्या. कारखान्यात पाणी शिरून काम बंद पडले तर निम्मा पगार मिळू शकतो. कारखाना कोरडा आहे आणि कामगार पाण्यात आहे, तर ती नुसती गैरहजेरी! रूळ पाण्याखाली असताना वांगणीच्या माणसाने गेटवर हजेरी कशी लावावी? आणि उल्हासनगरच्या गाळ्यांत पाच-दहा माणसे शिलाई करतात, त्यांचे तर या तरतुदीत नावच नाही. एका कारखान्यात आम्ही दोन्ही पुरांच्या दिवसांचा पगार मागितला. व्यवस्थापकाने पहिल्या पुराचे दोन दिवस माणुसकीने दिले. दुसऱ्या वेळी म्हणाले, "दर आठवड्याला माणुसकी परवडत नाही." त्यांचा मला फारसा राग आला नाही. आमच्या करारात एक ओळ असती तर माणुसकीवर विसंबण्याची वेळच आली नसती.

म्हणून माझे सांगणे थोडके आहे. प्रत्येक वेतनकरारात पुराच्या पगारी रजेचे कलम असावे, आणि रेल्वे बंद असल्याचा दाखला त्यासाठी पुरेसा मानावा. संघटनेच्या आपत्ती निधीतला निम्मा पैसा पहिल्या पुरात खर्चू नये. तो दुसऱ्यासाठी राखावा. चिखल काढण्यापूर्वी नुकसानीची छायाचित्रे घ्यावीत. कारण पहिला पंचनामा होण्याआधीच दुसरे पाणी आले तर कोणते नुकसान कोणत्या पुराचे हे सिद्ध करता येत नाही. नवी खरेदी श्रावण सरेपर्यंत, जमेल तेवढी, माळ्यावर ठेवावी.

२००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या एका दिवसाचा धसका आपण अजून बाळगून आहोत. पण २०१९ नंतर २०२१ च्या २२ जुलैलाही बदलापुरात उल्हासचे पाणी शिरलेच. तेव्हा पाणी ओसरले की सुटलो, असे समजू नका. ओसरल्यानंतरचे पंधरा दिवस हाच खरा कसोटीचा काळ होय. येत्या पावसाळ्याआधी आपापल्या चाळीत, कारखान्यात एक बैठक घ्या आणि तिच्यात एवढाच प्रश्न विचारा: दुसरा पूर आला तर आपल्यापाशी काय उरलेले असेल?