फॅमिकॉम: अस्सल आणि नक्कल

क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी जपानमध्ये विक्रीस आणलेले, आणि मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली सिद्ध झालेले फॅमिकॉम हे यंत्र, ज्याच्या पदरी कामापुरती स्मृती म्हणून अवघे दोन किलोबाइट होते, त्याने जगभरच्या मुलांच्या कित्येक सुट्ट्या व्यापून टाकल्या, ही काही सामान्य घटना नव्हे. आपल्याकडे ते अस्सल रूपात क्वचितच पोहोचले; नव्वदच्या दशकात मे महिन्याच्या सुट्टीत मारिओ आणि काँट्रा ज्यांवर खेळले गेले, ते स्वस्त ‘व्हिडिओ गेम’ बहुतांशी त्याच्याच नकला होते, आणि खेळ सुरू झाला नाही की कॅसेट काढून, तिला फुंकर मारून पुन्हा बसवण्याचा प्रघातही त्यांच्याबरोबर घरोघर रूढ झाला.

आज तेच खेळ संगणकावर किंवा मोबाइलवर, जुन्या यंत्राच्या वर्तनाची बरहुकूम नक्कल करणाऱ्या एम्युलेटरच्या योगे खेळता येतात. त्याचे ऋण मी मनःपूर्वक मानतो. कारण ‘झेल्डा’च्या अमेरिकेतील कॅसेटमध्ये खेळाडूची प्रगती राखणारी बटणाएवढी बॅटरी संपली की ती सारी नोंद नष्ट होते, आणि कालांतराने यंत्रेही निकामी होतातच. खेळाचा मजकूर जिवंत ठेवायचा, तर नक्कल हवीच.

परंतु खेळ म्हणजे केवळ मजकूर नव्हे, हे ‘डक हंट’ची बंदूक हाती घेतल्यावाचून पुरते उमजत नाही. १९८४ साली आलेल्या या खेळातील बंदुकीतून काहीच सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा घटक बसवलेला असतो. चाप ओढताच पडदा निमिषमात्र काळा होतो, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो प्रकाश नळीत शिरला तर नेम लागला असे यंत्र समजते. बदके दोन असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात, आणि प्रकाश कोणत्या क्षणी दिसला यावरून कोणते बदक पडले याचा निवाडा होतो. हा सगळा हिशेब पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर बेतलेला आहे, जेथे विद्युत्कणांचा झोत आलेला संकेत तत्क्षणी ओळीओळीने पडद्यावर रेखीत जातो. आजचा सपाट पडदा चित्र दाखवण्यास किंचित विलंब लावतो, आणि तेवढ्याने ती बंदूक आंधळी होते. एम्युलेटरवर माउसने टिपून गुण मिळतात, पण खांदा स्थिर करून नेम धरण्याची क्रिया, जी या खेळाचा प्राण आहे, ती तेथे उरत नाही.

असेच त्या लुकलुकण्याचे. एका आडव्या ओळीवर आठांहून अधिक हलत्या आकृती या यंत्रास काढता येत नसत, म्हणून कोणतीच आकृती कायमची लोपू नये अशा तजविजीने पुष्कळ खेळांचे रचनाकार दर चित्रागणिक त्यांचा क्रम बदलीत, आणि गर्दी झाली की साऱ्या आळीपाळीने लुकलुकत. अनेक एम्युलेटर ही मर्यादा उठवण्याची सोय देतात. चित्र स्वच्छ होते खरे, पण टंचाईतून काढलेली वाट पुसली जाते. मला ते लुकलुकणेच प्रिय आहे.

तेव्हा ज्यांच्या माळ्यावर पिक्चर ट्यूबचा टीव्ही पडून असेल, त्यांनी तो भंगारात घालण्याची घाई करू नये. मात्र त्याच्या अंतर्भागात घातक दाबाची वीज साठून राहू शकते, म्हणून तो स्वतः न उघडता जाणत्या कारागिराकडून तपासून घ्यावा.