स्थलांतरित प्रौढांचे गृहाध्यापन : कर्जत-खालापूरमधील कातकरी वीटभट्टी मजुरांच्या संदर्भात

प्रस्तावना :
२ ऑक्टोबर १९७८ रोजी सुरू झालेला राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम असो वा ५ मे १९८८ रोजी सुरू झालेले राष्ट्रीय साक्षरता मिशन असो, शिकणारा प्रौढ आपल्या गावी राहतो आणि सायंकाळी वर्गाला येतो हे त्यांत बहुतांशी गृहीत होते. वर्षातील सहा-सात महिने गावीच नसणाऱ्या प्रौढाला कोणी, केव्हा व काय शिकवावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गृहाध्यापनाची संकल्पना :
दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातून आलेल्या निर्वासितांना व स्थलांतरितांना इंग्रजी शिकविण्यासाठी ऑस्ट्रेलियाने १९४८ मध्ये शासकीय कार्यक्रम हाती घेतला. १९७० च्या दशकात त्याला स्वयंसेवकांची जोड मिळाली. ब्रिटनमध्येही आशियाई स्त्रियांना घरी जाऊन इंग्रजी शिकविले जात असे. कारण साधे होते. मांडीवर मूल असलेली स्त्री किंवा रात्रपाळीचा कामगार वर्गापर्यंत पोहोचत नसे, म्हणून शिक्षकाने जावयाचे. घरी गेल्यावर पाठही बदलतो. पाठ्यपुस्तकाची जागा घरात आलेले डॉक्टरांचे पत्र किंवा भाड्याची पावती घेते.

कर्जत-खालापूरमधील स्थिती :
महाराष्ट्रातील तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी कातकरी हा एक. या समाजाच्या घरात कातकरी बोली, तलाठी कार्यालयात प्रमाण मराठी आणि बँकेचा भ्रमणध्वनीवरील संदेश बहुधा इंग्रजीत, अशी स्थिती आहे. 'क्रेडिट' आणि 'डेबिट' या दोन शब्दांतील फरक न कळल्याने बँकेत विनाकारण हेलपाटा घालावा लागतो. परदेशी न जाताही परभाषेत वावरणारा हा प्रौढ आहे.

अनेक कुटुंबे उचल घेऊन दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात व पावसाच्या तोंडावर परततात. आपली राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची विशेष शिबिरे मात्र प्रायः हिवाळ्यात होतात. साक्षरतेचा संकल्प घेऊन आम्ही एका वाडीत जानेवारीत गेलो, तेव्हा बंद दारे आणि वृद्ध माणसे तेवढी भेटली. यादीतील बहुतेक नावे भट्टीवर होती. दोष वाडीचा नव्हता, आमच्या वेळापत्रकाचा होता. २०२२ ते २०२७ या कालावधीसाठी आखलेला नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजे 'उल्लास', स्वयंसेवकांवरच आधारलेला आहे. त्याची वाचन, लेखन व संख्याज्ञान यांची १५० गुणांची चाचणी महाराष्ट्रात २०२४ व २०२५ मध्ये मार्चमध्ये झाली. मार्च म्हणजे भट्टीचा ऐन हंगाम.

वस्तुतः महाविद्यालयाचे पहिले सत्र आणि कुटुंबाचा वाडीतील मुक्काम हे एकाच काळात येतात. लावणीचे दिवस सोडून जुलै ते ऑक्टोबर असे १४ आठवडे, आठवड्यातून दोन वेळा दीड तास, एवढे धरले तरी ४२ तास होतात. सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाकाठी १२० तास द्यावयाचेच असतात. एका कुटुंबास दोन विद्यार्थी द्यावेत, त्यांतील एक शक्यतो विद्यार्थिनी असावी.

अध्यापनाचा आशय :
'कमळ'पासून प्रारंभ करण्याची आपली सवय येथे उपयोगी पडत नाही. भट्टीवरील हिशोब उचल, आठवड्याची खर्ची आणि हजार विटांमागील दर यांवर चालतो. समजा, एका जोडप्याने ३०,००० रुपये उचल घेतली. दर हजारी ८०० रुपये, आठवड्यात ६,००० विटा व खर्ची १,५०० रुपये. मजुरी ४,८०० रुपये होते, म्हणजे ३,३०० रुपये उचलीपोटी वळते व्हावयास हवेत आणि दहाव्या आठवड्यात उचल फिटावयास हवी. (आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) परंतु वही मालकाकडे असते आणि हिशोब हंगाम संपल्यावर होतो. अवकाळी पावसात भिजलेल्या कच्च्या विटा कोणाच्या खाती मांडल्या, हेही तेव्हाच कळते. उचल शिल्लक निघाली की पुढील हंगाम बांधला गेला. वेठबिगार पद्धती कायद्याने १९७६ मध्ये रद्द झाली, तथापि ज्याला आपले येणे मांडता येत नाही त्याने त्या कायद्याचा आधार कशाच्या बळावर घ्यावा?

म्हणून हजारापर्यंतची संख्या, नंतर गुणाकार व वजाबाकी, आणि अक्षरे त्यांच्या मागून, हा क्रम मला योग्य वाटतो. साक्षरतेच्या रूढ क्रमाशी तो जुळत नाही, याची जाणीव आहे.

एक सावधगिरी आवश्यक आहे. भट्टीवर गेलेला स्वयंसेवक मालकाच्या जागेत उभा असतो. त्याने तेथे हिशोबाचा विषय काढल्यास त्याचा त्रास कुटुंबाला होतो, स्वयंसेवकाला नव्हे. हिशोबाचा पाठ वाडीतच पुरा व्हावा आणि भट्टीवरील भेटीत केवळ वाचन घ्यावे. भट्टी दूर असल्यास रविवारी दूरध्वनीवर आठवड्याचे आकडे वाचून घेता येतात. त्यासाठी जाताना कुटुंबासोबत खिशात मावेल अशी छोटी वही द्यावी. तीत विटा, खर्ची व शिल्लक असे तीन रकाने असावेत आणि पहिली ओळ शिकणाऱ्यानेच, वाडीत असतानाच, उचलीच्या रकमेने लिहिलेली असावी.